ट्रकपुढचं पातं आणि डायलिसिसचे वार



मागच्या आठवड्यात ग्रुपवर मी आमच्या पिकअप ट्रकचा फोटो टाकला आणि दांडिया बाजारातल्या वहिनींचा लगेच मेसेज, "अगं, बुलडोझर घेतलास की काय?" टोरोंटोला नुकत्याच घर घेतलेल्या भाच्याने तर फोनच केला. त्यालाही बर्फ ढकलायचं पातं घ्यायचंय, कुठलं घेऊ म्हणाला. फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. बडोद्यात बसून वाचणाऱ्यांना याचा उपयोग शून्य, पण काकू तिकडे काय करते ते तरी कळेल.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजच्या उत्तरेला राहतो. ऑन्टॅरिओ सरोवरावरून थंड वारा येतो, वाटेत पाण्याची वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर बर्फ करून टाकतो. सिरॅक्यूज शहरातच वर्षाला सरासरी सव्वाशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो, म्हणजे दहा फुटांहून जास्त! आमचं गाव सरोवराला आणखी जवळ. घरापासून सडकेपर्यंतची वाट तीनशे फूट, त्यातली निम्मी खडीची.

इतकी वर्षं हे फावड्याने आणि हाताने ढकलायच्या मशिनने वाट साफ करायचे. मग ह्यांची किडनी गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाची डायलिसिसची खुर्ची, चौदा मैलांवर. एक वार चुकला की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, आणि पोटॅशियम वाढणं म्हणजे थेट हृदयाशी खेळ. पहिल्या हिवाळ्यात एका माणसाला वाट साफ करायचं कंत्राट दिलं होतं. तो यायचा, नाही असं नाही, पण दुपारी बारापर्यंत. त्याच्याकडे चाळीस घरं, त्यात दुकानांचे पार्किंग आधी. त्याचंही बरोबरच. पण पहाटे साडेपाचला आम्हाला सडकेवर पोचायचंच होतं. तेव्हा ठरवलं, पातं आपलं हवं आणि चालवणार मी.

दुकानातला विक्रेता ह्यांच्याकडे बघून बोलत होता. त्याने साडेआठ फुटांचं व्ही आकाराचं पातं दाखवलं, दोन पंख वेगवेगळे हलणारं. सुंदर वस्तू आहे, साठलेला उंच ढीग फोडायला त्याच्यासारखं काही नाही. पण वजन जास्त, सांधे जास्त, नळ्या जास्त, बटणंही जास्त. मी ट्रकचा ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला आणि चौकटीवरचं स्टिकर वाचायला लागले. पुढच्या ॲक्सलवर किती भार चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. भाच्या, सगळ्यात आधी ते वाच. पातं चाकांच्या पुढे लोंबतं, त्यामुळे साडेसातशे पौंडांचं पातं पुढच्या ॲक्सलवर साडेसातशेहून जास्त भार टाकतं आणि मागचा भाग हलका करतं. सीसॉवर टोकाला बसलेल्या मुलासारखं. म्हणून मागच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्याही मागे, वाळूची पोती ठेवावी लागतात आणि नीट बांधावी लागतात, नाहीतर ब्रेक मारल्यावर तीच पुढे येतात. आमचा ट्रक पाऊण टनी, प्लाऊसाठी कंपनीनेच पुढच्या स्प्रिंगा जाड बसवलेला. तुझा लहान गाडीचा विचार असेल तर पातंही हलकंच घ्यावं लागेल.

मी आठ फुटांचं सरळ पातं घेतलं. आठच का? बर्फ बाजूला लोटायला पातं तिरकं करतो, साधारण तीस अंश. तिरकं झालं की रुंदी कमी भरते. आठ फुटांचं जेमतेम सात फूट साफ करतं, साडेसातचं साडेसहा. ट्रकची चाकं साफ झालेल्या पट्ट्यातच चालली पाहिजेत, नाहीतर आपणच बर्फ तुडवून दगड करून ठेवतो.

दुसरा प्रश्न, अडथळा लागला तर पातं कसं वाकतं. काहींचं आख्खं पातं पुढे झुकतं, काहींची फक्त खालची कड स्प्रिंगवर मागे दुमडते. दगडी कडा, गटाराची झाकणं असतील तिथे खालची कड दुमडणारं बरं, कारण पुढचा बर्फ सांडत नाही. आमच्याकडे खडी आणि उंचसखल जमीन, म्हणून मी आख्खं झुकणारं घेतलं. खाली लोखंडी बूट लावून ते अर्धा इंच वर ठेवते. डिसेंबरात जमीन गोठलेली नसते, बूट नसले तर सगळी खडी हिरवळीवर जाऊन पडते आणि एप्रिलमध्ये एकेक खडा वेचत बसावं लागतं.

कंट्रोलचं मात्र मी विक्रेत्याला दमवलं. हातात धरायचा रिमोट आणि सीटशेजारी बसवायची जॉयस्टिक, दोन्ही मी जाड हातमोजे घालून चालवून पाहिले. ऑगस्ट महिना, माणूस हसत होता. पोळ्या लाटून लाटून माझ्या उजव्या अंगठ्याचं हाड दुखतं, बटण दाबून धरणं मला जमत नाही. जॉयस्टिक आख्ख्या पंजाने ढकलता येते. आणि डावा हात स्टिअरिंगवर, उजवा गिअरवरून जॉयस्टिकवर, परत गिअरवर, हे अंधारात न बघता व्हायला पाहिजे. त्यात 'फ्लोट' म्हणून एक सोय असते, ती शिकून घे. फ्लोटमध्ये पातं स्वतःच्या वजनावर जमिनीच्या चढउताराबरोबर चालतं. सडकेवरून जाताना मात्र पातं उचलून कंट्रोल बंद करायचा, चुकून हात लागला तर पातं खाली यायला नको. आणि अगदी वरपर्यंत उचलून लांब जायचं नाही, रेडिएटरची हवा अडते आणि शून्याखालच्या थंडीतही इंजिन तापतं!

माझे वडील कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेलं ते आपलं कलाभवन. पुढे त्यांनी मोटारींचं छोटं गॅरेज काढलं. शाळेतून आले की मी त्यांना पाने हातात द्यायची, दहा-अकरा, बारा-तेरा. अण्णा हाताने वंगण चोळून सांगायचे, ऑइल किती मळलंय ते. त्याचा उपयोग साठाव्या वर्षी अमेरिकेत होईल असं कोणाला वाटलं असतं?

मागच्याच्या मागच्या जानेवारीत, एका बुधवारी पहाटे पावणेपाचला, पातं खाली टेकलेलं आणि उचलेना. बाहेर उणे वीस सेल्सिअस. ह्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली. जॉयस्टिक ओढली तर नुसता टिक् आवाज. पातं वरचे दिवे लागत होते, म्हणजे कंट्रोलपर्यंत वीज होती. टिक् म्हणजे सोलेनॉइड काम करत होता. मग मोटरला वीज का मिळेना? उचलताना पंपाची मोटर दीडशे-दोनशे अँपिअर खेचते, दिव्यांना तेवढी लागत नाही, तेव्हा जाड वायरीचा रस्ताच कुठेतरी खराब असणार. बंपरजवळचा मोठा प्लग उपटला तर आत हिरवा-पांढरा थर. सडकेवरचं मीठ! तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासलं, प्लगचं ग्रीस भरलं (हे वीज वाहून नेत नाही, फक्त पाणी बाहेर ठेवतं) आणि प्लग दाबून बसवला. पातं उचललं. वीस मिनिटं गेली, बोटं बधिर झाली, पण सहा पस्तीसला हे खुर्चीवर होते.

ऑक्टोबरमध्ये एका गॅरेजने पात्याच्या सर्व्हिसचे पैसे घेतले होते, बिलावर 'प्लग साफ केले' असंही लिहिलं होतं. त्यानंतर सर्व्हिस मी घरीच करते. हायड्रॉलिक ऑइल दरवर्षी पूर्ण बदलायचं, कारण आत दव जमून पाणी होतं आणि ते गोठलं की पंप अडतो. जुनं ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय समजायचं. थंडीत पातळ राहणारंच ऑइल घ्यायचं, साधं नाही. खालची कड झिजून किती उरली ते टेपने मोजायचं, तिचे बोल्ट आवळायचे. पिनांना ग्रीस. एप्रिलमध्ये पातं काढून ठेवताना तिरकं करणाऱ्या रॅमचे चकचकीत दांडे आत ढकलून, उरलेल्या भागाला ग्रीस फासून, पातं लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवायचं. ट्रकच्या पेटीत एक जादा नळी, दोन पिना, ऑइलची बाटली, ब्रश आणि टॉर्च कायम.

चालवण्याचं सांगते थोडं. सगळा बर्फ पडून जायची वाट बघायची नाही, सहा इंच झाला की एक फेरी. बारा इंच एकदम ढकलण्यापेक्षा सहा-सहा दोनदा बरं, ट्रकचा जीव वाचतो. पहिल्या वादळातले ढीग होतील तितके लांब लोटायचे, ते गोठले की हलत नाहीत आणि फेब्रुवारीत जागाच उरत नाही. आमच्या राज्यात बर्फ सडकेवर किंवा सडकेपलीकडे लोटायला कायद्याने मनाई आहे. तुमच्याकडचा नियम तूच बघून घे.

हे अधूनमधून म्हणतात, एवढ्या पैशात आपण गावात फ्लॅट भाड्याने घेतला असता. हिशोब त्यांचा चुकीचा नाही. पण मागच्या अंगणात त्यांची सफरचंदाची चार झाडं आहेत, आणि डायलिसिसहून आल्यावर ते पहिली नजर तिकडे टाकतात.

उद्या शुक्रवार. आठ ते बारा इंच सांगितलाय. ट्रकची टाकी भरली, पातं लावून एकदा वरखाली करून पाहिलं, गजर चारचा आहे. वहिनी, लोणच्याचं पार्सल पोचलं, फोटो नंतर टाकते. आणि भाच्या, दरवाज्याच्या चौकटीवरच्या त्या स्टिकरचा फोटो काढून पाठव, मग पुढचं बोलू.