‘गरीब बाप’ म्हणजे कोण?

आम्ही काही समीक्षक नव्हे. दिवसभर कचेरीत आवक-जावकच्या नोंदी करणारा माणूस रात्री जेवणे आटोपल्यावर जे वाचतो, तेवढेच आमचे वाचन. हर्सूलच्या आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन असते, ते संपले की हाताला लागलेली सवय सुटत नाही आणि मग जे पुस्तक मिळेल ते आम्ही वाचतो. या खेपेला चार-पाच पुस्तके लागोपाठ वाचून झाली आणि त्यांवरून घरात चांगलीच जुंपली. ती हकीगत वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावी असे वाटले.

सुरुवात पुतण्याने केली. तो वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. साखळी पद्धतीने माल खपवणाऱ्या कोणा मंडळींनी त्याला एका बैठकीला नेले आणि तिथे ‘रिच डॅड पुअर डॅड’ या पुस्तकाची महती सांगितली. रॉबर्ट कियोसाकी या अमेरिकन लेखकाचे हे पुस्तक १९९७ साली निघाले. त्याचे मराठी भाषांतर आता फुटपाथवरही मिळते. पुस्तकात दोन बाप आहेत. श्रीमंत बाप हा मित्राचा, व्यापारधंदा करणारा. गरीब बाप हा लेखकाचा स्वतःचा. तो खूप शिकलेला, सरकारी शिक्षण खात्यात मोठ्या पदावर, पण पगारावर अवलंबून. शिका, नोकरी धरा, असे सांगणारा तो गरीब, असा एकूण हिशेब.

पुतण्या म्हणाला, “काका, हे तर तुमचंच वर्णन आहे.” सगळे हसले. आम्हीही हसलो.

पण हा हिशेब आम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही ते सांगितले पाहिजे. आमच्या आजोबांना गावकीचे काम होते. दिवसभर राबल्यावर संध्याकाळी भाकर मागायला दारोदार जावे लागे. समाजातला पहिला शिपाई, पहिला मास्तर, पहिला कारकून पगारपत्रकावर सही करू लागला, त्या दिवसापासून त्याच्या घरची ती टोपली बंद झाली. त्या अमेरिकन लेखकाला पगार हा पायातला साखळदंड वाटत असेल. आमच्याकडे पगारानेच साखळदंड तुटला. आज पुतण्याच्या पिढीला कायम नोकरी मिळत नाही, कंत्राटदार वर्षावर्षाने कागद बदलतो, हे खरे दुखणे आहे. त्यावर बोलायचे सोडून नोकरी मागणाराच खुळा असे ठरवणे सोपे आहे. सोयीचेही आहे, विशेषतः कंत्राटदाराला.

दुसरी गोष्ट घराची. लेखक म्हणतो, राहते घर ही मालमत्ता नव्हे, कारण ते खिशातून पैसे काढते. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा ताळेबंदात घर मालमत्तेच्या बाजूला लिहायला शिकलो; पण तो वाद बाजूला ठेवू. ज्या शहरात खोली दाखवण्याआधी घरमालक आडनाव विचारतो, तिथे वीस बाय तीसच्या प्लॉटवर बांधलेल्या दोन खोल्यांची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची? स्वतःच्या दारात आडनाव कोणी विचारत नाही, हे उत्पन्न त्या पुस्तकात धरलेलेच नाही.

तरीही पुस्तक अगदी टाकाऊ नाही. महिन्याचे येणे किती, जाणे किती, हे वहीत लिहा, हप्त्यावर वस्तू आणून मिरवू नका, हा भाग चोख आहे. कर्ज काढून लग्नात डी.जे. लावणाऱ्या आमच्या मंडळींनी तेवढी पाने दोनदा वाचावीत.

‘द सीक्रेट’बद्दल मात्र आम्ही एवढी सवलत देणार नाही. रॉन्डा बर्न या बाईंचे २००६ सालचे हे पुस्तक जगभर गाजले. मनात समृद्धीचा विचार धरला की समृद्धी ओढली जाते आणि अभावाचा विचार करणाऱ्याकडे अभावच येतो, असे त्याचे सांगणे. वाचताना आम्हाला हे कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते. मग लक्षात आले. पूर्वी सांगत, तू मागच्या जन्मी पाप केलेस म्हणून या जन्मी अस्पृश्य झालास. आता सांगतात, तुझे विचार दरिद्री आहेत म्हणून तू दरिद्री आहेस. मागचा जन्म गेला, दोष आहे तिथेच राहिला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नीट तपासून बाजूला सारला आहे. कारण तो मान्य केला की गरिबीची जबाबदारी ना समाजावर राहते, ना राज्यावर. ज्या घरात हा ग्रंथ आहे (आपल्या लग्नांत तो भेट म्हणून येतोच), त्या घराने ‘द सीक्रेट’ विकत घेण्याआधी तेवढे प्रकरण उघडावे.

कन्येने वाचनालयातून ‘मृत्युंजय’ आणले होते. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ सालची, अजून खपते. भाषा भारदस्त आहे, वाचताना कर्णासाठी जीव तुटतो. पण कन्येने जे विचारले त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही : कर्ण खरोखरच सारथ्याचा मुलगा असता, कुंतीचा निघालाच नसता, तर लोक एवढे रडले असते का?

या सगळ्यांत आमच्या मनात घर केले ते बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने. हे १९८६ साली पुस्तकरूपाने आले. बेबीताई फलटणच्या. त्या घरचे छोटे दुकान सांभाळत आणि माल बांधायला आणलेल्या रद्दीचे तुकडे वाचत. लिहू लागल्या तेही चोरून. लिहिलेले कागद त्यांनी जवळजवळ वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पुढे त्यांनी मुलांसाठी आश्रमशाळाही काढली. २०१२ साली त्या गेल्या. पुस्तकात गावाने केलेला छळ आहेच, पण आपल्याच घरांतल्या सुनांचा सासुरवासही त्यांनी झाकलेला नाही. दलित आत्मकथने आली तेव्हा आपल्यातलेच काही शिकलेले लोक म्हणत की ही घाण चव्हाट्यावर कशाला. आमचे मत असे, की जखम उघडी केल्याशिवाय डॉक्टरला दिसत नाही. आणि सासुरवास तर अजून संपलेला नाही, तेव्हा हे पुस्तक सासवांनी आधी वाचावे.

आमच्या आईला वाचता येत नाही. सौ. रोज रात्री तिला चार पाने वाचून दाखवी. दोन दिवस आई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “हे सगळं तिनं लिहून ठिवलं का? बरं केलं माय. पण पोरीसमोर नको वाचू.” पोरीने ते आधीच वाचून संपवले होते.

पुतण्याला आम्ही प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ दिले. हे १९७९ सालचे. लहानपणीच आई-बाप गेलेले, बहिणीच्या घरी उपाशी-तापाशी वाढलेले हे पोर पुढे नागसेनवनात प्राध्यापक झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आमच्या शहरात महाविद्यालय काढले नसते तर ते पोर कुठे गेले असते, हा प्रश्न पुतण्याने स्वतःहून काढला. साखळीच्या बैठकीला तो पुन्हा गेला की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.

आईचे मात्र बोलणे सुरू झाले. १९७२ च्या दुष्काळात ती लहान होती. मोठ्या बायांबरोबर खडी फोडायला जायची आणि तिथे सुकडी मिळायची. कन्येने एक जुनी दोनशे पानी वही काढली आहे, आई सांगते आणि ती लिहून घेते. त्या कामावर असलेल्या बायांची नावे आधी लिही, असा आईचा हट्ट आहे. आतापर्यंत अकरा नावे झाली. बारावीचे गाव आठवते, नाव आठवत नाही. त्यासाठी आई रविवारी फुलंब्रीला मावशीकडे जाणार आहे.