पाच खोल्यांचं घर

शिरूर सोडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. त्यातून घोड नदीच्या काठी, इनामगावच्या पांढरीवर आलो. पायाखाली राखट माती, भोवती काळीभोर शेतं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी 1968 पासून वर्षानुवर्षं इथं उत्खनन केलं, शंभराहून अधिक घरं उजेडात आणली. वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली. जव, गहू, मसूर पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची.

बहुतेकांची घरं लहान, कुडाची. गावाच्या मध्यभागी मात्र पाच खोल्यांचं एक घर, आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. कुंभार, सोनार वगैरे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. लेखन माहीत नसलेल्या या गावानं कोण मोठा, कोण धाकटा हे घरांच्या जागांनीच सांगून ठेवलं आहे.

शेत कोणाच्या नावावर होतं, याचा कागद असण्याचा प्रश्नच नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो इथं सापडलेला पाण्याचा पाट. सुमारे चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, बाजूला दगडमातीचा बांध. एका कुटुंबाच्या हातून असलं काम होत नाही. गाव जुंपावं लागतं, आणि पुढं पाण्याची पाळीही कुणीतरी ठरवावी लागते. या कोरड्या मुलखात जमीन कितीही असो, पाणी सोडणाऱ्याच्या शब्दाला वजन येणारच. कोठाराशेजारचं ते घर अशाच माणसाचं असावं, असं उत्खनन करणाऱ्यांनाही वाटलं.

हा मान मरणानंतरही सुटला नाही. इथं प्रौढ माणसांना घराच्याच जमिनीखाली, उत्तरेकडे डोकं करून पुरत आणि पावलं घोट्यापासून तोडत. मेलेला उठून चालू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष सापडला. त्याची पावलं शाबूत होती.

इसवी सनापूर्वी 1000 नंतर दिवस पालटले. पाऊस कमी झाला असावा, असं ढवळीकरांचं मत. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शिकारीवर भिस्त वाढली. पुढं तीनेकशे वर्षांत कोठारवाले आणि कडेचे कारागीर, सगळ्यांनीच गाव सोडलं.