वाघीण आणि मालमोटार

वर्गात मालवाहतुकीचा विषय निघाला की मी फळ्यावर दोन रकाने आखतो. एक रेल्वेचा, दुसरा मालमोटारीचा. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना घर्षण अगदी थोडे, म्हणून जड, स्वस्त आणि लांब जाणाऱ्या मालाला रेल्वेच परवडते, हे मी गेली तीस वर्षे सांगत आलो आहे. सिमेंट हे त्याचे नामी उदाहरण. ते देताना मात्र माझा आवाज किंचित खाली येतो. त्याचे कारण विद्यार्थ्यांना ठाऊक नाही. माझ्या वडिलांनाही ते अखेरपर्यंत कळले नाही.

1982 सालची गोष्ट. बार्शीस आमचे घर बांधावयास काढले होते. सिमेंटची तेव्हा देशभर टंचाई होती. सरकारने त्याच वर्षी नियंत्रण थोडेसे सैल केले. ते पुरते उठायला 1989 साल उजाडावे लागले. तालुक्याच्या वाट्याला परदेशी सिमेंट आले, त्यातून वडिलांना साठ गोण्या मंजूर झाल्या. मुंबईच्या बंदरात उतरलेला तो माल मोठ्या रुळावरून कुर्डुवाडीस, आणि तेथून 1897 साली सुरू झालेल्या अडीच फुटी रुळाच्या बार्शी लाइनने आमच्या गावी यावयाचा होता.

शेजारच्या आडत्यांनी आपले सिमेंट मुंबईहून थेट मालमोटारीने आणविले. भाडे भारी पडले. "मास्तर, दारात उतरेल तो माल आपला," ते वडिलांना म्हणाले. वडील नुसते हसले. त्यांचा आगगाडीवर फार विश्वास. शिवाय खिशात तेवढे पैसेही नव्हते, हे मला आता कळते.

'वॅगन'ची 'वाघीण' करणारा मराठी माणूस मला नेहमीच कवी वाटत आला आहे. मोठ्या रुळावरच्या जुन्या चारचाकी वाघिणीत चारशेंहून अधिक गोण्या मावत, मालमोटारीत दोनशे. पण रूळ बदलला की वाघीण रिकामी करणे आले. जहाजातून धक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत, कुर्डुवाडीस मोठीतून धाकटीत, बार्शीस मालधक्क्यावर, शेवटी बैलगाडीत. प्रत्येक वेळी पन्नास किलोंची गोणी कुणा ना कुणा हमालाच्या पाठीवर चढे. घामात भिजलेल्या मानेवर सिमेंट बसले की कातडी कशी सोलवटते, ते मी तेव्हा पाहिले. फळ्यावरच्या माझ्या दोन रकान्यांत त्या मानेला जागा नाही.

आमच्या गोण्या उतरल्या त्या आषाढातल्या एका दुपारी. गोण्यांवरची अक्षरे गावात कोणालाच वाचता येईनात. बैलगाड्या पाहण्यासाठी वडील बाजारात गेले. "अरे, ढग आले तर ताडपत्री ओढ. येथून हलू नकोस," एवढे त्यांनी बजावले होते. मी बारा वर्षांचा. पलीकडे इंजिन पाणी घेत होते. ते चिमुकले इंजिन सोंडेखाली उभे राहून पाणी पिऊ लागले की मला जगाचा विसर पडत असे. पडला. सर आली तेव्हा मी धावलो, पण ओल्या ताडपत्रीचे वजन मला पेलले नाही.

वडील आले, तो मी म्हणालो, "वाऱ्याने उडाली." त्यांनी कपाळावरचे पाणी पुसले आणि माझ्या डोक्यावर धोतराचा सोगा धरला. वीस-बावीस गोण्यांचे पुढे दगड झाले. मागच्या खोलीच्या गिलाव्यात सिमेंट कमी घालावे लागले. आडत्यांना मात्र वडील म्हणत राहिले, "रेल्वेचा काय दोष? पावसाला कोण अडवणार!"

ती धाकटी लाइन आता राहिली नाही. बार्शीला मोठा रूळ आला. एक मालगाडी आज एका खेपेस अडीच हजार टनांहून अधिक सिमेंट नेते, आणि तिच्यातून उतरलेल्या गोण्या मालमोटारच घरोघर पोचवते. माझे दोन रकाने असे केव्हाच एकमेकांत मिसळून गेले आहेत. मी फळ्यावर मधली रेघ अजून ओढतो, इतकेच.

गेल्या उन्हाळ्यात मागच्या खोलीचा गिलावा उकरावयास काढला. दारात मालमोटारीतून गोण्या उतरत होत्या. थापीने भिंत ठोकून पाहत गवंडी म्हणाला, "सर, ह्यात वाळूच जास्त दिसते. सिमेंटात कुणी हात मारला होता काय?"

मी म्हणालो, "हो. घरातल्याच एकाने."