पोपटांच्या घरातला तवा

भांड्यांच्या दुकानात गेलं की दुकानदाराचे प्रश्न ठरलेले असतात. गॅसवर की इंडक्शनवर? घरात माणसं किती? रोजच्या वापराला की सणासुदीला? घरात पक्षी आहेत का, असं मात्र आजवर मला एकाही दुकानदाराने विचारलेलं नाही. त्याचा दोष नाही म्हणा. तव्याचा आणि पोपटाचा काय संबंध, हे कुणाला सहज सुचण्यासारखं नाहीच.

आमच्या घरात हा संबंध आला तो चिकू आणि मिरचीबरोबर. माझी मावशी नोकरीसाठी दोह्याला गेली आणि तिचे दोन कॉकाटील बेळगावात, आमच्या कॅम्पातल्या घरी राहायला आले. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पण हे दोघे जन्मले पिंजऱ्यातच. आपला हिरवा, लाल चोचीचा राघू पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. गोष्टींतून आणि गाण्यांतून आलेला पोपट तोच असला, तरी तो झाडावरच राहिला पाहिजे. म्हणून "पोपट" म्हणताना आमच्या घरात हे परदेशी पाहुणेच समजायचे.

मावशीने फोनवर सूचनांची यादीच दिली. राळे आणि बाजरी किती, पाणी कधी बदलायचं, चॉकलेट आणि अव्हाकाडो चुकूनही द्यायचं नाही. आणि शेवटी, "घरात नॉनस्टिक अजिबात वापरू नका."

मम्मी म्हणाली, "मग आंबोळ्या काय परातीत घालू?"

मला वाटलं मावशी जरा जास्तच काळजी करते. मग वाचत गेले, आणि लक्षात आलं की पक्ष्यांचे डॉक्टरही हेच सांगतात.

गोष्ट सुरू होते १९३८ मध्ये. ड्यूपॉन्ट कंपनीचे रॉय प्लंकेट फ्रिजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत होते. एका सिलिंडरमधून वायू यायचा बंद झाला, पण वजन केलं तर सिलिंडर भरलेलाच. कापून बघितला तर आत मेणासारखी पांढरी भुकटी. त्या पदार्थाचं रासायनिक नाव पीटीएफई, बाजारातलं नाव टेफ्लॉन. त्याला काहीच चिकटत नाही. १९५४ मध्ये मार्क ग्रेग्वार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने तो मासेमारीच्या सामानाला लावून पाहिला, आणि हेच माझ्या भांड्यांना लावा की, असं त्यांच्या बायकोने सुचवलं, असं सांगतात. मला हा तपशील आवडला. रोज तवा घासणाऱ्या बाईलाच ते सुचणार!

रोजच्या स्वयंपाकात हा थर शांत असतो. भाजीत पाणी असतं, तोपर्यंत तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. अडचण रिकाम्या तव्याची. मोठ्या आचेवर रिकामा तवा राहिला, तर काही मिनिटांतच तो २६० अंश सेल्सियस ओलांडतो. तिथून पुढे थर बिघडू लागतो, आणि जितकं तापमान वाढेल तितके त्यातून विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. माणसाला त्याने फ्लूसारखा ताप येऊ शकतो, एक-दोन दिवसांत तो उतरतो. पक्षी मात्र काही मिनिटांत मरू शकतो. त्याच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो. डॉक्टरकडे न्यायलाही वेळ मिळत नाही, आणि खोलीत वेगळा वास आला असेल असंही नाही.

पक्ष्यांनाच एवढं का? कारण त्यांचा श्वास आपल्यापेक्षा फार सरस आहे. आपण श्वास सोडला तरी फुप्फुसात थोडी जुनी हवा उरतेच. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसातून जात राहते. उडायला लागणारा प्राणवायू असा मिळतो. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच सफाईने आत जातं. त्यात चिकूचं वजन नव्वद ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांएवढं. ज्या गुणाने तो उडतो, त्याच गुणाने तो मरू शकतो.

हे माणसाला माहीत नव्हतं असं नाही. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात सुचवलं की कोळशाच्या खाणीत जाताना लहान प्राणी बरोबर न्यावेत. कार्बन मोनॉक्साइड आला तर कॅनरी पक्षी आधी कोलमडेल आणि माणसांना पळायला वेळ मिळेल. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. काही पिंजऱ्यांना छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर जोडलेला असे. पक्षी पडला की दार लावायचं, ऑक्सिजन सोडायचा आणि त्याला शुद्धीवर आणायचं. खाणकामगारांचा त्या पाखरांवर जीव होता, असं यावरून वाटतं. तरी पक्ष्याचं काम एकच, आपल्या आधी कोसळणं. आमच्या घरातले दोघे त्या नोकरीला आलेले नाहीत. ते शीळ घालायला आणि डॅडींच्या चष्म्याची दांडी चावायला आले आहेत.

एवढं सगळं मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. मला वाटलं प्रश्न मिटला. मम्मी शांतपणे म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा पाखरं लाडकी झाली का गं?"

तिचा राग समजून घ्यायचा तर आमच्याकडे नॉनस्टिक का आलं ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी डॅडींची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी तेल मोजून वापरायला सांगितलं. नॉनस्टिकवर एका चमच्यात चार आंबोळ्या होतात. दुसरं कारण मम्मीचं उजवं मनगट. संधिवाताने सकाळी तिची बोटं वळत नाहीत. आधी घरात माझ्या आजीचा बिडाचा तवा होता. तो तिला उचलवेना, म्हणून माळ्यावर गेला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी दोन्ही ठेवून बघितले. नॉनस्टिक पाऊण किलो, बिडाचा सव्वादोन किलो.

म्हणजे एका बाजूला डॅडींचं हृदय आणि मम्मीचं मनगट, दुसऱ्या बाजूला चिकू-मिरचीची फुप्फुसं. "पक्ष्यांसाठी सुरक्षित भांडी" असं शोधलं की यादी मिळते, पण ती भांडी उचलणार कोण, हे त्या यादीत नसतं. पक्षी आवडतो मला, तवा उचलणार मम्मी, असा हिशेब असेल तर ती माया फार स्वस्तातली झाली.

मग आम्ही दोघी गणपत गल्लीच्या बाजारात गेलो. मम्मी रागात होती, पण भांडं निवडायचं तर ती येणारच. तिथे मी एक धडा शिकले. पाटीवरची भाषा नीट वाचावी लागते, कवितेपेक्षाही नीट.

"ग्रॅनाइट", "मार्बल", "स्टोन" असं लिहिलेलं असतं, पण आत दगड नसतो. बहुतेक वेळा तो पीटीएफईचाच थर, वर ठिपक्यांची नक्षी. "पीएफओए-फ्री" हा शब्द तर फारच फसवा. पीएफओए हे पूर्वी थर बनवताना वापरलं जाणारं वेगळं रसायन. ते नाही म्हणजे पीटीएफई नाही, असा अर्थ होत नाही. "हार्ड अॅनोडाइज्ड" म्हणजे अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग विजेच्या प्रक्रियेने कडक केलेला. तो स्वतः ठीक, पण त्यावर अनेकदा नॉनस्टिकचा थर दिलेला असतो. "सिरॅमिक" थरात पीटीएफई नसेल तर चालतं, पण डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. त्याचा गुळगुळीतपणाही तुलनेने लवकर जातो. थोडक्यात, डब्यावर काय "फ्री" आहे ते वाचून भागत नाही, थर कशाचा आहे ते विचारावं लागतं. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर ते भांडं सोडून द्यायचं.

उरतात ती आपली जुनी मंडळी. स्टेनलेस स्टील, साधं लोखंड, बीड, माती. नव्या लोखंडी तव्यावर गंज धरू नये म्हणून तेलाचा किंवा मेणाचा हात दिलेला असतो. तो साबणाने घासून काढायचा आणि पहिल्यांदा तापवताना खिडक्या उघड्या ठेवून पक्षी लांबच्या खोलीत न्यायचे. मातीचं म्हणाल तर खानापूर आपल्याला जवळ. कुंभारकामाची केंद्रीय संस्था तिथे आहे, इतकी ती माती नावाजलेली. मातीची भांडी घेताना चकचकीत रंगीत झिलई टाळायची, कारण हलक्या झिलईत शिसं असू शकतं. पितळेच्या पातेल्याला कल्हई हवी, पण कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्याला अंगणात न बसवता गल्लीच्या टोकाला बसवायचं.

घरी येऊन बाकीची झडतीही घेतली. सँडविच टोस्टर, इस्त्रीचा तळ, काही हेअर ड्रायर आणि रूम हीटर यांतही हा थर असू शकतो. टोस्टर बाद झाला. इस्त्री आता गच्चीच्या खोलीत होते. आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगते. भांडं बदललं म्हणजे हवा पवित्र झाली असं नाही. तेल जळलं तर लोखंडी कढईतही धूर होतोच. सुक्या मिरचीची फोडणी बसली की आपल्याला ठसका लागतो, तर त्यांचं काय? म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर, हॉलच्या खिडकीशी आहे. आल्तारापुढची सुगंधी मेणबत्ती जाऊन साधी मेणाची आली आणि डासांची कॉइल बंद झाली. रोझरीला चिकू मधेच शीळ घालतो, त्यावर अजून उपाय मिळालेला नाही.

राहिलं मनगट. त्याचा तोडगा दुकानात नव्हता. भाजीला आम्ही ट्रायप्लाय स्टीलची कढई घेतली, दोन्ही बाजूंना कान असलेली. दोन हातांनी धरता येते म्हणून मम्मीला झेपते. स्टीलला चिकटतं ही तिची तक्रार होती. आधी कढई मध्यम आचेवर तापू द्यायची. पाण्याचा थेंब पडून मोत्यासारखा पळायला लागला की मग तेल, मग भाजी. एक चमचा पुरतो. आंबोळीला माळ्यावरचा आजीचा तवा खाली आला. तीन दिवस तेल लावून तापवला, तेव्हा कुठे तो पुन्हा काळाभोर झाला. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून फिरवला की आंबोळी सुटते, आणि तेल मोजलं तर पूर्वीपेक्षा फार जास्त लागत नाही.

तवा उचलायचा प्रश्न डॅडींनी सोडवला. कुणी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "तेल माझ्यासाठी कमी केलं ना? मग तवा मी धुतो." आता रविवारी चर्चहून आलं की आंबोळ्या तेच घालतात. पहिल्या दोन नेहमी फाटतात. त्या मला मिळतात. तीस वर्षांच्या संसारात डॅडींनी उलथनं हातात घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याचं श्रेय चिकू-मिरचीला द्यायला मम्मी अजून तयार नाही.

जुना नॉनस्टिक तवा मात्र तसाच होता. मम्मी म्हणे, "टाकायचा कशाला, चांगला आहे की." वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी तो मागितलाही. अक्कांच्या नातवाकडे बाजारातून आणलेले चार लव्ह बर्ड्स आहेत, स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलेले. मी काही बोलायच्या आधी मम्मीच म्हणाली, "नको हो अक्का, हा नेऊ नका. तुमच्याकडे पाखरं आहेत." आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. रिकामा तवा, २६० अंश, नऊ पिशव्या. टेबलावर रागात असताना तिने एकेक शब्द ऐकला होता तर!

अक्कांनी विचारलं, "मग तुम्ही आता कशावर करता?" मम्मीने त्यांना आत नेऊन आजीचा तवा दाखवला. अक्कांनी एका हाताने उचलून बघितला आणि लगेच खाली ठेवला.

"जड आहे की हो!"

"आहेच," मम्मी म्हणाली. "तो उचलायचा नाही. तिथेच राहू द्यायचा. धुवायला आमचे हे आहेत."