पुढचा एक दात

साठी ओलांडलेल्या माणसाने दातांविषयी लिहावयास घेतले की वाचकांची काहीएक समजूत होणे साहजिक आहे. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. ज्या दातांविषयी आम्ही लिहीत आहोत ते पोलादाचे आहेत आणि आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येच्या मोटारसायकलीस आहेत. इंजिनाच्या बाजूच्या लहान चक्रास १३, मागच्या चाकाच्या चक्रास ४०. या तेराचे बारा करावेत, चौदा करावेत की आहेत तसेच ठेवावेत, या प्रश्नाने गेल्या पावसाळ्यात आमच्या धारवाडच्या घरी तीन रविवार खाल्ले. प्रश्न दिसतो तितका किरकोळ नव्हता, हे पुढे ध्यानात येईल.

आमची पुतणी पशुवैद्यकीय अधिकारी आहे. नेमणूक जोयडा तालुक्यात, म्हणजे जुन्या सुपा तालुक्यात. मूळचे सुपा गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. धारवाडहून हल्याळ, दांडेली आणि पुढे जोयडा असा ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांचा रस्ता. तेथपर्यंत डांबर आहे. त्यापुढे वाड्या-वस्त्यांकडे ज्या वाटा फुटतात त्या जांभ्या दगडाच्या, तांबड्या मातीच्या, ओढ्यांतून उतरून चढणाऱ्या. सोमवार ते शनिवार तिचे काम या वाटांवर चालते आणि शनिवारी संध्याकाळी ती धारवाडला येते.

अशा दुहेरी वापरासाठी म्हणून तिने गाडी घेतली ती ज्यांना ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात त्या जातीची, दोनशे सीसीची. मडगार्ड उंच, स्प्रिंगा लांब, पुढचे चाक मागच्याहून मोठे. ही जात आपल्याकडे तशी अलीकडची. हीरो मोटोकॉर्पने २०११ साली दीडशे सीसीची ‘इम्पल्स’ आणली, ती पुढे बंद पडली. त्याच कंपनीची दोनशेची ‘एक्सपल्स’ २०१९ साली आली आणि टिकली. आमच्या तरुणपणी म्हैसूरच्या कारखान्यातली जावा आणि पुढे येझ्दी हीच घाटात जाई आणि बाजारातही जाई. तिला वेगळे जातिवाचक नाव लागत नसे.

चक्रांचा हिशेब सोपा आहे. मागचे दात पुढच्या दातांनी भागावेत. चाळीस भागिले तेरा, म्हणजे सुमारे ३.०८. मागचे चाक एकदा फिरावयास पुढचे चक्र इतके वेळा फिरते. सायकलीत पुढचे चक्र मोठे आणि मागचे लहान असते, कारण माणसाचा पाय सावकाश फिरतो आणि चाकास त्याहून वेगाने फिरवावयाचे असते. मोटारसायकलीचे इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून तेथे सारे उलट: पुढे लहान, मागे मोठे. आता तेराच्या जागी बारा दातांचे चक्र बसविले तर भागाकार ३.३३ होतो, म्हणजे चाकावरचा ओढा शंभरास आठाहून थोडा अधिक वाढतो. हाच परिणाम मागच्या चक्राने साधावयाचा तर चाळीसचे त्रेचाळीस दात करावे लागतात. पुढचा एक दात मागच्या तीन दातांच्या बरोबरीचा आहे. पुढे चौदा केले तर ओढा शंभरास सात कमी होतो, आणि त्याच वेगाला इंजिन तितके सावकाश फिरते.

आमची उभी नोकरी राज्याच्या लेखा खात्यात गेली. तेथे एका लेखाशीर्षावरील शिल्लक रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळविण्याचा एक विधी असतो. कचेरीत त्याला ‘रिअ‍ॅप्रोप्रिएशन’ म्हणत, मराठीत पुनर्विनियोजन. नवखे अधिकारी अशी मंजुरी मिळाली की पैसे आले म्हणून आनंदत. एकूण अनुदान तेवढेच राहते, कोणते तरी एक शीर्ष हडकते, हे त्यांना मार्चअखेरीस कळे. चक्र बदलणे हा हुबेहूब तोच विधी आहे. इंजिनाची शक्ती रतीभरही वाढत नाही. वेगाच्या शीर्षातून काढून चढाच्या शीर्षात टाकावयाची, किंवा उलट.

आमचा पुतण्या बंगळूरला असतो. त्याचा फोनवरून आग्रह चौदाचा. “काका, तिचे बहुतेक किलोमीटर शनिवार-रविवारचे आहेत. दर खेपेस जाऊन-येऊन दीडशेच्या वर. इंजिन ओरडतं, हात बधिर होतात. चौदा लावा, शांतपणे येईल.” हिशेब चुकीचा नव्हता. मोजपट्टीने पाहता तिच्या प्रवासाचा मोठा भाग डांबरावरचाच होता.

हुबळीतले आमचे जुने मेस्त्री बाराच्या पक्षाचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, साखळी बोटाने वर-खाली करून पाहिली आणि कन्नडमध्ये विचारले, “साहेब्र, ही नवलगुंदला जाते की जोयड्याला?” प्रश्न मार्मिक होता. धारवाड हे मलनाड आणि बयलुसीमे यांच्या उंबरठ्यावर बसलेले गाव आहे. पूर्वेस नवलगुंद-अण्णिगेरीकडची काळी माती. पावसात ती चाकाला अशी चिकटते की चाक आणि मडगार्ड यांत पोळी भरावी तशी भरून बसते. तेथे ओढा वाढवून काही साधत नाही. चाकाला पकडच नसते, जादा जोर दिला की ते जागच्या जागी गरगरते. तेथे उपयोगी पडते ते उंच मडगार्ड आणि खोल नक्षीचा टायर. पश्चिमेचा जांभा निराळा. त्यावर चाकास पकड मिळते, पण चढ उभा असतो आणि दगड चुकवीत माणसाच्या चालीने जावे लागते. पहिला गिअर त्या चालीपेक्षा वेगवान असला तर क्लच अर्धा दाबून गाडी रखडवावी लागते. क्लचच्या तबकड्या जळतात, आणि एका क्षणी इंजिन गुदमरून बंद पडते. चढावर बंद पडलेली गाडी मागे सरकते, उंच सीटवरून पाय जमिनीला पुरेसा पोचत नाही, आणि गाडी आडवी होते.

चढाचा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारी लोहमार्गाची घाटवाट १८८८ साली सुरू झाली. तेथे ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे, आणि आजही वर येणाऱ्या जड गाड्यांना मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडतात. रेल्वेला ही सोय आहे. एकट्या मोटारसायकलस्वाराला मागून कोणी ढकलीत नाही. त्याने काय ते आपल्या तुटपुंज्या अनुदानातूनच भागवावयाचे.

इतके दिवस पुतणी स्वतः गप्प होती. तिसऱ्या रविवारी तिने एक छोटी वही आणून आमच्यापुढे ठेवली. महिनाभर गाडी जेथे जेथे बंद पडली तेथील नोंद तिने केली होती. एकूण सहा वेळा. त्यांतील एक वेळ साइड स्टँड न काढल्यामुळे, असे तिने प्रामाणिकपणे लिहिले होते. उरलेल्या पाचही वेळा पहिल्या गिअरात, चढावर. डांबरावर एकदाही नाही. पाचांपैकी एका नोंदीपुढे ‘पडले’ एवढाच शब्द होता. लाळ-खुरकुताच्या लसीकरणाचे दिवस होते. मागे बर्फ भरलेली लसीची पेटी बांधलेली होती, आणि ओढ्यातून वर चढताना गाडी तिच्यासकट उजवीकडे कलंडली. पायाला मुका मार लागला होता. घरी तिने याचा उच्चारही केला नव्हता.

वहिनींनी ती नोंद वाचली आणि वही मिटली. मग ज्याची आम्हां सर्वांना मनातून धास्ती होती ते बोलणे निघाले. बदलीचा अर्ज करावा; हुबळी-धारवाडच्या आसपास जागा निघतात, काकांची खात्यात अजून ओळख आहे. आमची ओळख किती उरली आहे हा प्रश्न वेगळा. पण अर्जाचा मसुदा आम्ही करावा ही अपेक्षा स्पष्ट होती.

पुतणी आईशी वाद घालीत बसली नाही. आमच्याकडे वळून म्हणाली, “काका, दादा म्हणतो ते खरं आहे, मोठ्या रस्त्यावर मला उशीर होईल. पण तिथं उशीर झाला तर माझं जेवण थंड होतं. चढावर गाडी थांबली तर लस गरम होते. दोनापासून आठ अंशांतच ती टिकते. आणि मी नाही गेले तर त्या वाटेनं दुसरं कोण जाणार आहे?”

किलोमीटरांचा हिशेब आम्ही तेथेच बाजूला ठेवला. खर्चाच्या तपासणीत सरासरी पाहून जे दिसत नाही ते एखाद्या एकट्या व्हाउचरवर दिसते, हा तीस वर्षांचा अनुभव होता. किती अंतर गेले यापेक्षा कोठे थांबणे परवडत नाही, हे पाहून दात ठरवावयाचे होते. बारा ठरले. अर्जाचा मसुदा राहिला.

मेस्त्रींनी अर्ध्या तासात काम केले. मागे त्रेचाळीस न घालता पुढे बारा घालण्याचे कारण त्यांनी समजावून सांगितले. त्रेचाळीसला साखळीची दीड कडी अधिक खर्ची पडते, त्यामुळे मागचे चाक बरेच पुढे घ्यावे लागते, प्रसंगी लांब साखळी लागते. बाराला उलट अर्धी कडी मोकळी होते. आस सुमारे तीन मिलिमीटर मागे सरकवला की साखळी पूर्ववत ताणली जाते. खर्चही किरकोळ. तोटे त्यांनी लपविले नाहीत. लहान चक्रावर साखळी अधिक तीव्र वळते, म्हणून दोन्ही लवकर झिजतात. तेल वेळेवर द्यावयास हवे आणि ताण दर आठवड्यास पाहावयास हवा. वेगमापकाची चौकशी आम्ही आवर्जून केली. त्याची खूण पुढच्या चाकावरून घेतलेली असेल तर काही फरक पडत नाही. ती गिअरबॉक्समधून घेतलेली असती तर साठाच्या वेगाला काटा पासष्ट दाखविता, आणि प्रवासभत्त्याच्या बिलात शंभरामागे आठ किलोमीटर सरकारच्या माथी पडते. तिच्या गाडीत खूण पुढच्या चाकावरून आहे, हे ऐकून आमच्यातील लेखापरीक्षक निश्चिंत झाला.

त्यानंतर चार महिने लोटले. ऐंशीच्या वेगाला इंजिन आता पूर्वीच्या सत्त्याऐंशीइतके फिरते, म्हणून ती सत्तरावर येते आणि शनिवारी आम्ही जेवणास जरा उशिरा बसतो. पेट्रोलही थोडे अधिक लागते. वहीत या चार महिन्यांत दोन नोंदी झाल्या आहेत. वहिनी दर शनिवारी ती वही मागून घेऊन वाचतात. बदलीचे नाव काढीत नाहीत, पण विसरल्या आहेत असेही नाही.

तेरा दातांचे जुने चक्र मेस्त्रींनी तेलकट कागदात गुंडाळून परत दिले, ते तिच्या हत्यारांच्या पेटीत आहे. सरकारी नोकरी म्हटली की बदलीचा हुकूम कधीतरी यावयाचाच. उद्या नवलगुंद नशिबी आले तर ते पुन्हा चढवावे लागेल.