लवकीचा मे महिना

आमगावात ऊन पंचेचाळिशीला टेकलंय, धानाच्या बांध्या भेगाळल्यात, पण विहिरीजवळच्या मांडवावर लवकी काही थांबत नाही. शेजारीण दोन देऊन गेली. तिला परत द्यायला माझ्याकडेही लवकीच! चण्याची डाळ घालून भाजी झाली. आज कीस तांदळाच्या पिठात कालवला. हिरवी मिरची, जिरं, भरपूर सांबार. वरून पाणी नकोच, किसाचंच पुरतं. कडा जाळीदार होऊन सुटल्या की धिरडं उलटायचं. सालींची जवस घालून चटणी, मला तर भाजीपेक्षा तीच आवडते. चिरण्याआधी फोड मात्र चाखतेच. कडू निघाली तर सरळ फेकायची. त्यातलं कुकरबिटासिन शिजवूनही जात नाही. पोरं म्हणतात, पुन्हा लवकी? उद्या खवा घालून हलवा करते, मग बघू कोण नाक मुरडतं.