जास्तीचे तीन दिवस

वाखरीच्या तळावर ताडपत्रीखाली बसून मी बिस्किटाच्या पुड्यावर हिशेब मांडत होतो. उद्या पंढरपूर, परवा एकादशी, तेरवा बारस सोडायची. त्यापुढं पाळीवर हजर व्हायला तीन दिवस उरत होते. बिनपगारी, पण आपले. आळंदीपासून दिंडीनं सांगितलं तेव्हा उठलो, सांगितलं तेव्हा बसलो. गिरणीत भोंगा, इथं तुतारी. हे तीन दिवस कुणी आखून दिलेले नव्हते.

मी बौद्ध. वारीत होतो तो आत्यासाठी. तिचे गुडघे गेलेत आणि तिला एकटीला सोडवेना. ती चोखोबाची. नामदेव पायरीसमोर चोखोबाच्या समाधीवर डोकं टेकलं की तिची वारी पुरी. मी तिला म्हटलं, देवळाचं दार आपल्याला १९४७ साली उघडलं, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. ती म्हणाली, "उघडलं ते बरं झालं. पन आपला मानूस भायेरच हाय ना अजून." याला मी काय उत्तर देणार?

पुड्यावर मी लिहिलं होतं: तुळजा लेणी, मानमोडी, लेण्याद्री, नाणेघाट. आत्याचं घर घोडेगावच्या पुढं, तिथून जुन्नर जवळ. (तालुक्याचं नाव आंबेगाव, पण ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. कचेरी घोडेगावला. आमच्याकडं नाव राहतं, गाव जातं.) आत्याची मागणी एकच. "लेन्याद्रीचा गनपती दाव."

माझ्या खोलीच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या. गौरी-गणपतीला देव मानणार नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. मी नाही म्हटलं. ती रुसली. रात्रभर पाऊस, आणि दोघं पाठ फिरवून. पहाटे माझ्या लक्षात आलं, डोंगर तर एकच आहे.

चालण्यानं पाय मोडत नाहीत, थांबल्यानं मोडतात. एसटीत पाय लोंबकळत पुण्याला आलो, गाडी बदलली, मंचर, घोडेगाव. उतरलो तर चप्पल पायात जाईना. दुसरा दिवस मिठाच्या कढत पाण्यात गेला. तुळजा आणि मानमोडी तिथंच खोडल्या. नाणेघाट पावसानं खोडला. कुणी वारीनंतर हिंडायचं ठरवत असाल तर पोचल्यावरचा एक दिवस कोरा सोडा. मी सोडला नव्हता.

लेण्याद्रीच्या पायथ्याला तिकीट.

"गनपतीला तिकीट?"

"गणपतीला नाय. लेणीला. पुरातत्त्व खात्याचं."

पायऱ्या तीनशेच्या आसपास. डोलीवाले मागं लागले. आत्याचा गुडघा वाजत होता, पण ती म्हणाली, "मानसाच्या खांद्यावर नगं बसायला." दर वीस पायऱ्यांना थांबत चढलो.

गणपती सातव्या लेणीत आहे. मधे एकही खांब नसलेला भलामोठा विहार, भोवती भिक्खूंच्या वीस खोल्या. मधल्या दोन खोल्या एक करून तिथं गिरिजात्मज बसवलाय. आत्यानं हात जोडले. मी खोल्या मोजत उभा राहिलो. दगडी ओटे अजून आहेत. आमच्या चाळीतल्या खोलीपेक्षा लहान.

मग तिला शेजारी सहाव्या लेणीत नेलं. चैत्य, आत स्तूप. दारावरच्या लेखात दात्याचं नाव आहे, कल्याणचा सुलसदत. माझी खोली कल्याणलाच. आमच्या बाजूचा माणूस नाणेघाटानं चढून आला असेल. त्या घाटातल्या राणी नागनिकेच्या लेखात यज्ञ मोजलेत, दक्षिणेतल्या गाया मोजल्यात. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचं नाव सापडतं, कासारांच्या श्रेणीचं सापडतं, धान्यवाल्यांचं सापडतं. बुरूड, कासार! दगडावर! गिरणीच्या भिंतीवर आमची नावं नाहीत, हजेरीबुकात आहेत, तीही खाडा मांडायला.

आत्या खांबाला टेकून ऐकत होती. "म्हंजी ह्ये घर कुनाचं?"

"बुद्धाचं. भिक्खूंचं."

"मंग शेजारचा गनपती भाडेकरू म्हन की."

मला हसू फुटलं. विचारलं, "मग काढायचा त्याला?"

"ऱ्हाऊ दे. पन घरवाल्याचं नाव दारावर लिवा म्हनावं."

ती उठली आणि स्तूपाभोवती लंगडत एक फेरी मारली. का मारली ते मी विचारलं नाही. गणपतीपुढं मी हात जोडले नव्हते, ते तिनंही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मला माळशेजमार्गे कल्याणच्या गाडीत बसवून दिलं. भाकरी बांधून दिली होती. गाडी सुटता सुटता खिडकीशी आली. "पुढल्या साली चार दिस जास्तीचं माग. आन ती बारा खांबांची गोल लेनी कंची म्हनत हुतास?"

"तुळजा."

"लिवून ठिव."

बिस्किटाचा पुडा खिशातच होता. खोडलेल्या नावाखाली परत लिहिलं.